पाचवा उद्गार

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

सगळं बदललं ते २५ जानेवारीला, संध्याकाळी पावणेसातला, तनुजा खुर्चीवरून उठली तेव्हा.

लोणावळ्याला आमच्या चर्चच्या तरुण संघाचं शिबिर होतं. पाहुणे वक्ते घाम पुसत विचारत होते की देवाला सगळं देणारा इथे कोण आहे, अर्धं नाही, उरलंसुरलं नाही, सगळं. शंभरेक पोरं माना खाली घालून बसलेली. माझ्या पुढच्याच रांगेत तनुजा. ती उठली. एकटी. तिची पाठ बघितली आणि मला काय झालं माहीत नाही, मीही उठलो. वक्ते माईकवर म्हणाले, तो बघा एक भाऊ. मला पुढे नेलं, डोक्यावर हात ठेवला, लोक रडले, मीही रडलो. डोळे उघडले तर तनुजा हॉलमध्ये नव्हती. बाहेर एकांतात प्रार्थनेला गेली असणार. तिला दिखावा आवडत नाही.

सोमवारी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलो होतो. फळ्यावर पंपाची आकृती. सगळं म्हणजे सगळं, असं मनात आलं आणि सॅक उचलून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. मम्मीला आठवड्याने सांगितलं. ती भांडली नाही. फक्त विचारलं, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख काय आहे. पप्पा गेल्यापासून तिला फॉर्म आणि तारखा यांच्यापलीकडे काही दिसत नाही.

आज कपाळाला राख लावून घेतली आणि ठरवलं, उपवासकाळाचे चाळीस दिवस ही वही लिहायची. चहा बंद. स्टेटस टाकणं बंद. तसं स्टेटसला टाकलं. एकसष्ट जणांनी पाहिलं. तनुजाने नाही.

७ मार्च, शुक्रवार

चर्चच्या पाळकसाहेबांना भेटलो. म्हटलं, मी पूर्णवेळ सेवेला तयार आहे, कुठेही पाठवा. मनात गडचिरोली होतं, नंदुरबार होतं, अगदीच नाही तर तरुण संघापुढे वचन सांगणं. ते आधी कॉलेज पुरं कर म्हणाले. मी म्हटलं, मागे फिरायचं नाही असं ठरवलंय. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ठीक आहे. उद्या सकाळी आठला नागोराव मास्तरांच्या खोलीवर ये. येताना टॉवेल आण."

नागोराव मास्तर म्हणजे चर्चच्या मागे कंपाउंडमधल्या खोलीत राहतात ते. जन्मभर शाळेत शिकवलं, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवली, गायकवृंद बसवला. लहानपणी मी त्यांच्या हातची पट्टी खाल्ली आहे. दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बायको-मुलं नाहीत. रात्री सोबतीला चर्चच्या मंडळीने एक माणूस ठेवलाय, दिवसा कुणीतरी बघायचं. ते कुणीतरी आता मी.

जगाचा त्याग केला तो टॉवेल घेऊन यायला?

८ मार्च, शनिवार

तनुजा होती तिथे. देवाची योजना आपल्याला आधी कळत नाही हेच खरं.

मला ठाऊकच नव्हतं, ती नोव्हेंबरपासून दर शनिवारी-रविवारी येते. बाकी दिवस खराडीला ऑफिस. आज तिने मला पाणी पाजायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं. मास्तरांना साधं पाणी चालत नाही, घशातून फुप्फुसात जातं. एक पावडर घालून ते दाट करायचं, खिरीसारखं. मास्तरांना ताठ बसवायचं, हनुवटी खाली, मग अर्धा चमचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं. मग त्यांना 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा आला तर थांबायचं, कोरडा आला तर पुढचा चमचा. एक वाटी संपायला पंचवीस मिनिटं. दर दोन तासांनी.

तनुजा म्हणाली, "घाई केलीस की मेलास. म्हणजे ते मेले."

मास्तर हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसतं. 'आ' म्हणताना ते मुद्दाम सूर लावतात. माझ्या हातून चमचा सांडला तेव्हा तुटक तुटक विचारलं, हा कोण. तनुजाने सांगितलं, ऋषी, कॉलेज सोडून पूर्णवेळ सेवेला आलाय. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरं. बलिदान आलं."

तनुजा निघाली तेव्हा फाटकापर्यंत गेलो. सौरभ नावाचा तिच्या ऑफिसमधला एक जण गाडी घेऊन उभा होता. शनिवारी बसचे हाल असतात म्हणून सोडतो म्हणे. भला माणूस दिसतो.

१४ मार्च, शुक्रवार

रस्त्यावर धुळवड. मी आत.

आज पहिल्यांदा ते सगळं धुवावं लागलं. लिहीत नाही. दोनदा बाहेर जाऊन आलो. मास्तर भिंतीकडे बघत होते. झाल्यावर मी जरा जोरातच बादली आपटली, तर म्हणाले, "देवाला ऐकू गेलं. आणखी आपटू नको."

मम्मी रोज दोन डबे देते. एक माझा, एक मास्तरांसाठी, मऊ भात नाहीतर घोटलेली खिचडी, चाळणीतून काढलेली. मला कुरिअरवाला समजते. तिला सहाची बस असते, झोप तरी का मोडून घेते कोण जाणे. आज तिला म्हटलं, तुझ्या मुलाने केवढं पाऊल उचललंय याचं तुला काहीच वाटत नाही का. ती चाळणी धूत होती. म्हणाली, "मास्तरांना मीठ बरोबर होतं का ते विचार."

तनुजाला मेसेज केला, आजची सेवा फार कठीण होती, पण कृपा पुरेशी आहे. तिने अंगठा पाठवला. फक्त अंगठा.

२३ मार्च, रविवार

अखेर काहीतरी घडलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक जण बोलतो. वर्षानुवर्षं तीच माणसं. या वर्षी एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि पाळकसाहेबांनी मला विचारलं. माझा विश्वास बसेना. मी शेवटचा मागितला, आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचा. तिथे मला सांगण्यासारखं होतं, मीही सगळं सोपवलंय. ते म्हणाले, पाचवा रिकामा आहे, तहानेचा.

पाचवा म्हणजे सातांतला सगळ्यात छोटा. तहान लागली, बस. यावर काय बोलणार? सात मिनिटं.

तरी पण. सगळी मंडळी असेल, गायकवृंदात तनुजा माझ्या समोर दहा फुटांवर. शिबिरात तिने माझी पाठसुद्धा पाहिली नव्हती. त्या दिवशी ऐकेल.

तिला सांगितलं तर म्हणाली छान आहे की. सौरभही येणार आहे म्हणे त्या दिवशी, त्याला बघायचंय आमची उपासना कशी असते. येऊ दे. आणखी एक श्रोता.

२ एप्रिल, बुधवार

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

दुपारी मी दारात बसून भाषणाचे मुद्दे काढत होतो. मथुराबाई झाडायला आल्या होत्या. या कंपाउंड झाडतात, लोणी काळभोरहून येतात, दुपारच्या जेवणाच्या वेळेला तासभर मास्तरांजवळ बसतात. त्यांनी आपली पाण्याची बाटली खिडकीत ठेवली. मास्तरांचा डावा हात खिडकीपर्यंत पोचतो. मला आवाज आला तोवर त्यांनी दोन घोट घेतले होते. चेहरा निळा. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर मारलं, मथुराबाई रडत होत्या. एक मिनिट असेल. मला एक तास वाटला.

शांत झाल्यावर मी भडकलो. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ना साधं पाणी चालत नाही, मग लहान पोरासारखं का करता? ते दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "पाच महिने. गार पाणी नाही. घटाघटा नाही. तू राहा."

मी बाटली उचलून बाहेर नेऊन ठेवली. पण चूक त्यांचीच होती.

मथुराबाईंनी नंतर बाहेर सांगितलं, "मास्तर लई सोसलेला मानूस हाय. त्यांचा भाऊ असाच पडून व्हता. हीच खाट. एकोणीस वर्सं केलं त्याचं." म्हणजे मास्तरांना पुरतं माहीत आहे की करणाऱ्याला किती त्रास होतो. तरी वागतात असे. याचाच जास्त राग आला.

६ एप्रिल, रविवार

भाषणाचा सातवा खर्डा झाला. तनुजा निघून गेल्यावर मास्तरांना वाचून दाखवला, कारण दुसरं कुणी नव्हतं. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले.

"'मी' किती वेळा?"

मोजले. एकतीस.

"आणि तहान?"

दोन.

"कुणाला तहान लागलीय?" त्यांनी विचारलं. "त्याला की तुला?"

मी वही मिटली आणि पाण्याची वेळ झाली म्हणून वाटी घेतली. मला कुणी हरकत घेतली की डोक्यात जातं, हे मला ठाऊक आहे. पहिले चार चमचे नुसता वाटीकडे बघत भरवले. पाचव्याला 'आ' करताना ते थांबले आणि म्हणाले, तू गुणगुणतोस ते खाली उतरतंय, वरचा सा धर. मी गुणगुणत होतो हे मला माहीतच नव्हतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

लिहू की नको. लिहितो.

मिरवणूक झाली, पोरं झावळ्या हलवत कंपाउंडभर फिरली. नंतर मी आणि तनुजा मास्तरांच्या खोलीत. ती त्यांची नखं कापत होती, मी वाटी ढवळत होतो. मनात आलं, बोलायला हीच वेळ. म्हटलं, तनुजा, शिबिरात त्या संध्याकाळी तू उठली नसतीस तर मी आज इथे नसतो. तिला कळेना. मी आठवण करून दिली, वक्त्यांनी विचारलं, सगळं देणारा कोण, आणि तू उठलीस.

"तेव्हा?" ती म्हणाली. "अरे, मी चहाचं बघायला उठले होते. माझ्याकडे चहाची जबाबदारी होती ना. दूध नासलंय असा मेसेज आला."

वाटीत चमचा उभा राहिला, इतकं दाट झालं पाणी.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नेलकटर खाली ठेवलं. हळू आवाजात विचारलं, "ऋषी, तू त्यासाठी कॉलेज सोडलंस?"

मी म्हटलं, नाही, छे. मास्तर छताकडे बघत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

नासलेलं दूध. माझं अख्खं वर्ष, मम्मीचे कष्ट, पंपाची आकृती, सगळं एका पातेल्यातल्या नासलेल्या दुधावर. दिवसभर कंपाउंडमध्ये फेऱ्या मारल्या. उद्यापासून यायचं नाही, पाळकसाहेबांना सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून त्यांच्या दारापर्यंत गेलो. चार वाजले होते. मास्तरांची चारची वाटी कोण देणार? तनुजा तर सौरभबरोबर निघून गेली होती. म्हटलं आजची देतो.

१५ एप्रिल, मंगळवार

काल गेलो. आजही गेलो. तनुजा सोडली तर दुसऱ्या कुणाला 'आ' मधला ओलेपणा ओळखता येत नाही, एवढंच कारण आहे. माणूस मिळाला की सोडणार.

मम्मीने विचारलं, दोन दिवस जेवत का नाहीस. म्हटलं उपवास. ती म्हणाली, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आले, पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेता येतो, फॉर्म जूनमध्ये निघतात. कुणी सांगितलं होतं जायला? अर्ध्या दिवसाची रजा टाकून कात्रजच्या पुढे गेली होती. मी दार आपटून आतल्या खोलीत गेलो.

भाषण मात्र करणार. आता तर करणारच. तनुजाला कळू दे की मी चहाच्या दुधावर उभा नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. बारांत मी नव्हतो. रोज दुसऱ्याचे पाय धुणारा मी, आणि खुर्चीवर हिंदुरावकाका, बँकेतून निवृत्त, मोजे घालून फिरणारे.

दुपारी भाषण पाठ करत होतो. अकरावा खर्डा, सहा मिनिटं पन्नास सेकंद. मथुराबाई मध्येच काहीतरी सांगत होत्या, उद्याचं, त्यांच्या लेकीचं. हो हो म्हटलं. एका ठिकाणी सारखं अडखळतोय.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

मास्तर झोपलेत. त्यांच्या खाटेजवळ बसून लिहितोय. अजून चिडलेलोच आहे, कुणावर ते कळत नाही.

घडलं ते सगळं सरळ लिहून काढतो.

अकरा वाजता मथुराबाईंची वाट बघत होतो. त्या बारा ते तीन बसणार असं मी धरून चाललो होतो. साडेअकराला आठवलं. लेक बाळंतपणाला आलीय, उद्या मी न्हाई, दुसरं कुनी बघा, हे त्या काल सांगत होत्या आणि मी हो हो म्हणत होतो. फोन केला, लागला नाही. पाळकसाहेब झग्यात, पहिली घंटा झालेली. सगळी मंडळी आत.

मास्तर म्हणाले, जा.

बाराची वाटी पावणेबारालाच दिली, जरा घाईत. उशा लावून ताठ बसवलं. हिशेब केला, माझा नंबर दीडला, सात मिनिटं, पावणेदोनला परत. दोनची वाटी वेळेवर. त्यांनी डावा हात हलवून पुन्हा जा म्हटलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो.

वेदीजवळ सात खुर्च्या. मी पाचवा. पहिले तिघे नेमके बोलले. चौथे हिंदुरावकाका. देवाने आपल्याला का टाकलं, हा त्यांचा उद्गार, आणि ते बँकेत त्यांची बढती कशी डावलली गेली तिथून सुरू झाले. दीड वाजला. पावणेदोन झाले. पंखे गरम वारा फेकत होते. लोक पुस्तकाने वारा घेत होते. माझ्या घशाला कोरड पडली, म्हणून खुर्चीखाली बाटली चाचपली.

बाटली नव्हती.

शर्ट बदलताना हातातली बाटली मी कुठे ठेवली ते डोळ्यांसमोर आलं. खिडकीत.

समोर गायकवृंदात तनुजा बसली होती. तिच्या मागच्या बाकावर तिची आई, आईच्या शेजारी सौरभ. आई त्याला गीताच्या पुस्तकातलं पान काढून देत होती, बोट ठेवून ओळ दाखवत होती. शनिवारच्या बसचा प्रश्न आता माझ्या लक्षात आला. मला वाटलं होतं की असं काही कळलं तर आकाश कोसळेल. काही कोसळलं नाही. मी परत घड्याळ बघितलं. एक पन्नास.

कुणाला तरी पाठवता आलं असतं, हे नंतर सुचलं. पण कुणाला? तनुजा गायकवृंदात, आणि तिच्याशिवाय चमचा किती भरायचा ते कुणाला माहीत आहे?

हिंदुरावकाका एकदाचे बसले. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. पाचवा उद्गार, आपला तरुण भाऊ ऋषी. तनुजाने माझ्याकडे बघितलं आणि हसली, बिनधास्त बोल अशा अर्थाने. खिशात अकरावा खर्डा होता. सहा मिनिटं पन्नास सेकंद, एवढाच वेळ लागला असता. मम्मीसुद्धा आली होती, मागच्या बाकावर, रजा टाकून.

पुढचं लिहिण्याआधी हे लिहितो, नाहीतर राहून जाईल. बाटली खिडकीतच होती, टोपणही उघडलेलं नव्हतं. मास्तर तिच्याकडे टक लावून बसले होते. ओठ फुटलेले. मी विचारलं, हात पोचत होता, मग घेतली का नाही? ते म्हणाले, "तू येणार होतास ना."

मी वाटी ढवळायला घेतली. भाषण झालं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग पंचवीस मिनिटं फक्त चमचा आणि 'आ'.

लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. घाबरला म्हणतील. सौरभला बघून पळाला म्हणतील. तनुजालाही तेच वाटलं असेल, आणि मी तिला कधी समजावून सांगू शकणार नाही. पाळकसाहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. अकरा खर्डे वाया गेले याची हळहळ खरी आहे, ती खोटी लिहिणार नाही.

एवढं मात्र नक्की आठवतंय. नाव घेतल्यावर मी उठलो. या वेळी पुढे कुणी उठलेलं नव्हतं. माईककडे दोन पावलं गेलोसुद्धा. मग वळलो. वेदीच्या बाजूला मागे कंपाउंडमध्ये उघडणारं लहान दार आहे. पाळकसाहेबांनी पुन्हा एकदा माझं नाव घेतलं, जरा हळू, विचारल्यासारखं. मी थांबलो नाही. ते दार सोडून दिलं की धाडकन आपटतं, सगळ्या चर्चला माहीत आहे. बाहेर पडलो, कडी हातात धरून ठेवली, आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.